अकरावा उंट

शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सकाळचे सहा. हजर: मी, माझे यजमान प्रकाश, बँकेतले साठे आणि वानखेडे. जागा: इथलं, आखातातलं सखीरचं वाळवंट. काम: डिसेंबरातल्या केनिया सफारीची रंगीत तालीम.

वानखेडे मूळचे अकोल्याचे, नोकरी अस्करच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात, सेफ्टीला. हा माणूस लिफ्टमध्ये शिरला तरी आधी माणसं मोजतो. हूरा भागातल्या हॉटेलात आमच्या मंडळाचं जेवण होतं, तेव्हा वर गेलेला एक जण खाली येईना म्हणून त्यांनी सगळ्यांना जिन्यापाशी थांबवून ठेवलं. तो हॉटेलचा वेटर निघाला. ‘हेडकाउंटशिवाय गेट नाही’ हे त्यांचं पालुपद.

म्हणूनच गुरुवारी साठेंनी फोन केला. जीपमध्ये हा माणूस नको; आपण सिंह बघायला चाललोय, हजेरी द्यायला नाही. प्रकाशलाही ते पटलं. सफारीची यादी माझ्याकडे, त्यामुळे कळवण्याचं कामही माझ्याकडे आलं. तालीम संपली की सांगायचं, असं मी वहीत लिहिलं.

तालीम म्हणजे वानखेड्यांच्या गाडीत गप्प बसून दुर्बिणीतून उंट बघायचे. अकरा उंट टेकाडामागे गेले. पलीकडून दहाच निघाले. वानखेड्यांनी गाडी बंद करून चावी खिशात टाकली.

अर्धा तास गेला. ऊन चढलं.

“यल्ला, चला वानखेडे,” साठे म्हणाले. “मालक बघेल त्याचं.”

“पिल्लू हाये जी ते.”

मी विचारलं, एवढं काय अडलंय तुमचं? त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही.

“पोरगी इथंच शिकली, मॅडम. बारा वर्षं. मी शिफ्टला, नाईतं झोपेत. कारखान्यातले रोज मोजले. ती स्कूलबसमधून उतरून घरी येताना एकदाही नाई पाह्यली. आता टोरांटोत हाये. पोचली का विचारलं तं ‘येस पप्पा’ म्हणते.”

पुढची दहा मिनिटं कुणी घड्याळ पाहिलं नाही.

“तो बघा, आला,” साठेच आधी म्हणाले. काटकुळ्या पायांचं पिल्लू टेकाडाच्या कडेने रमतगमत येत होतं.

“अकरा. खलास,” म्हणत वानखेड्यांनी चावी काढली.

आज मंगळवार. वहीत टोप्या, दुर्बिणी, लसीची कार्डं, सगळ्यांपुढे खूण झाली आहे. ‘वानखेड्यांना कळवणे’ तेवढं राहिलंय. साठेंनीही अजून विचारलेलं नाही.