साहेबांची वीस मिनिटं

वीज कचेरीतल्या साहेबांनी संध्याकाळी सात वाजता आपली मोटार फक्त वीस मिनिटं चार्जिंगला लावायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या मनात पाप नव्हतं. (वीस मिनिटांत ते पुरतं होतही नाही.) चार दिवस त्यांच्याकडे राहायला आलेल्या ताईची रेल्वे सव्वाआठची. उद्या दुपारी तिची लेक परदेशी निघणार. रेल्वे चुकली तर दोन वर्षं भेट नाही. "टॅक्सी कशाला? मी आहे ना!" असं साहेब सकाळीच बोलून बसले होते, आणि मोटारीत चार टक्के उरले होते.

अडचण एवढीच, की सहा ते दहा जलद चार्जर लावायचा नाही हा सोसायटीचा नियम साहेबांचाच. पार्किंगमध्ये तक्ताही त्यांच्याच अक्षरातला. "एक जलद चार्जर म्हणजे दहा घरांचा भार. सगळ्यांनी एकदम लावले तर कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मान टाकेल!" घरात ऐकून घेणारं आता कुणी उरलं नव्हतं, म्हणून हे ते येता-जाता सगळ्यांना ऐकवत.

'बाकीचे नियम पाळतातच, मग एकट्या माझ्याने काय होतंय?' असं म्हणत साहेबांनी दिवा न लावता, चोरपावलांनी बटण दाबलं.

कोपऱ्यावर फट्ट झालं. अख्खी गल्ली काळोखात.

मग खांबांआडून वायरी उपसल्याचे आवाज आले. साहेबांनी मोबाइलचा उजेड टाकला. दातांच्या डॉक्टरीणबाई, शिंपी, वकील, असे सहाजण वायरी पाठीमागे लपवून उभे.

"तुम्हीसुद्धा?"

"आम्हाला वाटलं, बाकीचे पाळतात," वकील म्हणाले. "तुमचा धाक आहे ना, साहेब."

तेवढ्यात खिशातला कचेरीचा फोन वाजला.

"तक्रार कक्ष. बोला," साहेब सवयीने म्हणाले.

"लिफ्ट अडकलीय. आत मी आणि दोन बॅगा."

"घाबरू नका, बाई. तुमच्या भागात कुणीतरी बेजबाबदार माणसाने..."

"अरे मेल्या, मी ताई!"

शिंप्याने वर जाऊन हाताने चाक फिरवत लिफ्ट खाली आणली. चौकातले सिग्नल विझलेले, टॅक्सी येईना, मोटारीत पाच टक्के. धावून आली ती तळमजल्यावरच्या मास्तरांची पेट्रोलची स्कूटर. साहेब तिला भंगार म्हणत.

"घट्ट धरा, ताई," मास्तर म्हणाले. "ब्रेक लागतात, पण विचार करून."

सकाळी ताईचा फोन आला. "पोचले रे. लेक समोर बसलीय."

साहेब हलक्या मनाने पार्किंगमध्ये उतरले. तक्त्याखाली कुणीतरी खडूने लिहिलं होतं :

'साहेब चार्जिंगला उतरले, की सर्वांनी जिना वापरावा.'