मध्ययुगीन माणसाचं दार

देवाजीनं कारखान्याच्या स्टोअरच्या दारात मोठ्या साहेबांना अडवलं, कारण चिठ्ठीशिवाय कोणाला आत सोडणार नाही असा शब्द त्यानं फोरमनला दिला होता. त्याचे पूर्वज म्हणे भोसल्यांच्या काळी गडाच्या दरवाज्यावर पहारा देत. खुद्द राजा आला तरी अवेळी दार उघडत नसत. पुण्याकडचे ते साहेब हसले. म्हणाले, "अगदी मध्ययुगीन माणूस आहे हा."

शिव्या दिल्या असत्या तर देवाजी निर्धास्त राहिला असता. साहेब हसला म्हणजे आत काहीतरी आहे. त्यातून देवाजी अजून टेम्परवारी, म्हणजे कच्चा, आणि पक्क्यांची यादी शनिवारी बंद व्हायची होती.

सेक्टर दोनमधला शेजारी बाबुलाल सातवी शिकलेला. त्यानं साहेबांचा तो शब्द फोडून पाहिला. "मध्य मंजे बीचवाला. ना कच्चा, ना पक्का. तुले काढून राह्यले, भाऊ."

काढल्याची नोटीस घरी येणार; पण ती घेतलीच नाही तर नोकरी जाईल कशी? शनिवारी पहिल्या पाळीला निघताना देवाजीनं बायकोला, गयाबाईला बजावलं, ऑफिस सुटायचा पाचचा भोंगा होईपर्यंत दार उघडायचं नाही, कागद घ्यायचा नाही. जोशात पुढं म्हणाला, "मी सोता आलो तरी नाई."

ऑफिसचा शिपाई धोंडबा दोनदा येऊन परत गेला. तिसऱ्यांदा तो दाराला तोंड लावून म्हणाला, "बाई, पक्क्या नोकरीचा कागद हाये. आज नाई घेतला तं गेली नोकरी."

"गोड बोलूनच गड घेतेत," गयाबाई आतून म्हणाली. लग्नाला बारा वर्षं झाली होती. नवऱ्याच्या सगळ्या गोष्टी तिला पाठ होत्या.

धोंडबानं पेन्सिल काढली. कागदावर 'घेत नाही' असं लिहायला तो टेकला, तेवढ्यात पाळी सुटून देवाजीची सायकल आली. देवाजीनं कागद दोनदा वाचला. धोंडबाच्याच पाठीवर कागद ठेवून त्यानं सही केली.

"गया, दार उघड वो. पक्का झालो मी."

आत कडी वाजली. देवाजी पुढं सरकला. पण ती उघडल्याची नव्हे, आणखी नीट बसवल्याची वाजली होती.

"तुमीच म्हनले, मी सोता आलो तरी नाई."

वाजले होते तीन. मे महिन्याची पायरी तव्यासारखी तापलेली. देवाजी तिच्यावर उकिडवा बसला. मध्ययुगीन म्हणजे काय, हे आता बाबुलालला विचारायची गरज राहिली नव्हती.

थोड्या वेळानं खिडकीच्या गजांतून पाण्याचा गडवा बाहेर आला.

"घ्या," गयाबाई म्हणाली. "पान्याची मनाई नोती केली तुमी."