माकडकोडं आणि गच्चीची गळती

बायकोनं मला नर्सरीत पाठवलं ते मनीप्लँट आणायला. मी आणलं माकडकोडं. आमच्या संसारात हे नवीन नाही (भोपळा आणायला गेलो होतो तेव्हा टेबलफॅन आणला होता), पण या वेळी मी पूर्ण विचार करून चुकलो होतो.

नर्सरीवाल्यानं कोपऱ्यातली कुंडी पुढे ओढली. दीड वीत उंचीचं रोप. फांद्यांवर जाड, टोकदार पानं एकावर एक, सुसरीच्या शेपटीसारखी.

"परदेशी आहे. माकडकोडं म्हणा. यावर चढायचं कसं, हे माकडालाही सुटत नाही."

"फळ कधी धरतं?"

त्यानं माझ्या केसांकडे पाहिलं. "ते तुमची नातवंडं बघतील. ऊन द्या, मुळाशी पाणी साचू देऊ नका. आणि तिकडचे जुने लोक मानतात, याच्याजवळून जाताना बोलायचं नाही. बोललं की नशीब फिरतं."

मी भारावलो. कचेरीच्या आवक-जावक टेबलावर सगळी नोकरी काढल्यावर आपल्याहून सावकाश पुढे सरकणारं कोणी भेटलं, की बरं वाटतं.

"हे झाड आहे की बाटली घासायचा ब्रश?" बायकोनं दारातच विचारलं.

बाल्कनीत कपड्यांची दाटी, म्हणून कुंडी जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी स्टुलावर ठेवली. जेवताना मी ती न बोलायची गंमत सांगितली. समोर सासूबाई होत्या. (माझ्या कुठल्याही गोष्टीवर त्या विश्वास ठेवत नाहीत. ही नर्सरीवाल्याची होती.)

दुसऱ्या दिवशी त्या कुंडीपाशी शेजारणीशी गप्पा मारत उभ्या राहिल्या आणि इकडे गॅसवरचं दूध उतू गेलं.

"जावईबापू, झाड जागृत आहे तुमचं."

"अहो, तुम्ही बोलत राहिलात म्हणून दूध गेलं."

"मग मी वेगळं काय म्हणतेय?"

मी फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागलो.

हळूहळू सगळी इमारत त्या वळणावर मुकी झाली. भांडत चढणारी जोडपी तिथं गप्प व्हायची आणि वर पोचेपर्यंत भांडण कशावरून होतं तेच विसरायची.

हे सेक्रेटरींच्या कानावर गेलं. ते निवृत्त विमा एजंट. समोरच्यानं सही केल्याशिवाय त्यांचं बोलणं थांबत नाही. सामाईक जिन्यात कुंडी चालत नाही, हे सांगायला ते आले आणि झाडाला पाठ देऊन सुरू झाले. सगळी कलमं ऐकवून झाल्यावर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत हलवा, नाहीतर मी फेकून देईन." आणि निघाले, तर पँट मागून पानांत अडकलेली. पुढे सरकलं की कापड टरकायचं, मागे सरकलं की टोचायचं.

मी "थांबा" म्हणणार, तोच सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. बायको मुकाट्यानं आत गेली, शिवणाची लांब कात्री घेऊन आली आणि सेक्रेटरींच्या मागे जाऊन उभी राहिली.

"वहिनी, कात्री कशाला?"

बायकोनं खुणेनं सांगितलं, हलू नका.

"अहो, तुम्ही तरी सांगा. काय करताहेत या?"

मी दोन बोटांनी कापायची खूण केली. (मला पँट म्हणायचं होतं.) सेक्रेटरी पांढरेफटक पडले.

"कुंडी राहू द्या," ते हळूच म्हणाले. "कायमची राहू द्या."

कात्री चालली, सेक्रेटरी सुटले आणि आमचा टॉवेल गुंडाळून घरी गेले. आता नोटीस येणार, असं मी धरून चाललो होतो. आला तो निरोप: रविवारच्या सभेला कुंडीसह या.

गच्चीच्या गळतीचा विषय आमच्या सोसायटीत वर्षानुवर्षं भिजत पडला होता. वरचे खालच्यांवर घसरायचे, खालचे वरच्यांवर, आणि सभा तहकूब व्हायची. त्या रविवारी सेक्रेटरींनी माकडकोडं टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि फळ्यावर लिहिलं, 'गच्ची दुरुस्त करायची?' कोणी खाकरलंसुद्धा नाही. एकेक करत सगळे हात वर झाले. चहा यायच्या आत सभा संपली.

गच्ची दुरुस्त झाली. आमच्या पलंगाशेजारची बादली तिच्या मूळ जागी, न्हाणीघरात गेली. त्या दिवशी बायको म्हणाली, "आणलंत ते बरं केलंत." लग्न झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. ऐकू आलं नाही असं दाखवून ते तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

सोसायटीनं फाटकाशी खास कट्टा बांधून झाड तिथं लावलं. निचरा नीट व्हावा म्हणून खाली खडी घालायला सेक्रेटरी स्वतः वाकले (नव्या पँटीत). माझा सत्कार झाला. झाडामागे उभं राहून मी फोटो काढून घेतला आणि तो सोसायटीच्या वार्तापत्राच्या पहिल्या पानावर छापून आला.

रोप इतकं लहान, की फोटोत आलंच नाही. आलो मी, छाती पुढे काढून हसणारा, आणि माझ्या पोटापुढे सोसायटीनं लावलेली पाटी: 'दुर्मीळ. वाढ अत्यंत मंद. दिसायला काटेरी, पण निरुपद्रवी. जागेवरून हलवू नये.'

बायकोनं तो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलाय. पाहुण्यांना ती एवढंच सांगते, की मजकूर तिचा नाही.