ठुमकीचे अश्रू आणि सासूबाईंचे

"आई, घोड्याचे अश्रू मोजणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" जावई छाती फुगवून बोलून गेला, आणि तिथेच माशी शिंकली.

जावई घोड्यांचा डॉक्टर, नुकताच झालेला. सासूबाईंची घोडेस्वारीची शाळा. तिथली म्हातारी घोडी ठुमकी म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण! आजूबाजूची झाडून सगळी मुलं तिच्याच पाठीवर बसून शिकलेली, सासूबाईंच्या लेकीसकट. काही दिवस ठुमकीचे डोळे लाल दिसत होते, तेव्हा सासूबाईंनी मन मोठं करून घरच्या डॉक्टरला संधी दिली. लग्न झाल्यापासून बिचारा या संधीकडे डोळे लावून बसला होता.

काम तसं सोपं. कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवायची, जरा थांबायचं आणि ती किती भिजली ते पाहायचं. पण ठुमकीला हे मान्य नव्हतं. पहिली पट्टी तिने खाल्ली. दुसरी लावायला गेला, तर त्याची टोपी खाल्ली!

"जरा गुंगी देतो तिला," जावई टक्कल चाचपत म्हणाला.

इंजेक्शन दिलं. हळूहळू ठुमकीची मान खाली गेली, ओठ लोंबला, आणि ती लांबलेल्या भाषणाला बसलेल्या पाहुण्यासारखी डुलू लागली. आता पट्टी झक्कास बसली. काढून पाहतो तर जवळजवळ कोरडी! दुसऱ्या डोळ्यात लावली. तीही तशीच!

जावई पट्टी उलटीपालटी करून बघत राहिला.

"काय झालं? बोला की!"

"आई... अश्रूच नाहीत हो. डोळे कोरडे पडलेत. असे डोळे पुढे निकामी होतात."

"काहीतरीच! तुमच्या पट्ट्या शिळ्या असतील."

"कालच आणल्यात!"

"मग मला लावून बघा."

सासूबाईंचे डोळे एव्हाना भरलेच होते. पट्टी टेकवायचा अवकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत चिंब! म्हणजे पट्ट्या उत्तम. म्हणजे घोडीचंच नशीब फुटकं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि जो हंबरडा फोडला, त्याने पागेतले बाकीचे घोडे खाणं सोडून बघत राहिले.

"नजर जाणाऱ्या घोडीवर मी लोकांची मुलं नाही बसवणार," त्या हुंदके देत म्हणाल्या. "आणि ती इथे भिंतींना धडकताना मला बघवणार नाही. माझ्या ताईच्या कुरणावर पाठवते."

जावई "आई, जरा थांबा" म्हणेपर्यंत ताईला फोन झालासुद्धा. मग ट्रकवाल्याला. मग लेकीला. लेकीने नवऱ्याला फोनवरच असं काही झापलं, की त्याने फोन कानापासून हातभर लांब धरला.

दुपारी ट्रक आला. तोवर ठुमकीची गुंगी पार उतरली होती. आल्या आल्या तिने ट्रकवाल्याची बाही चावून पाहिली. जावई खाली मान घालून तिला ट्रकला लावलेल्या फळीकडे नेऊ लागला, आणि एकदम थबकला. तिच्या डोळ्याखाली ओली रेघ!

"आई! पाणी!"

"घर सुटतंय तिचं. रडणारच!" म्हणत सासूबाई पुन्हा रडल्या.

"अहो, पण रडायला पाणी लागतं ना!"

त्याने खिशातली पट्टी काढली. सासूबाईंनी मान धरली, ट्रकवाल्याने दुसरी बाही पुढे केली. ठुमकी बाही चघळण्यात गुंतली, तोवर पट्टी भिजली. टोकापर्यंत! दुसऱ्या डोळ्यातलीही तशीच!

जावयाने कपाळावर हात मारला. "गुंगीचं औषध! त्याने घोड्यांचे अश्रू कमी होतात! आधी पट्टी लावायची, मग इंजेक्शन! डोळे नुसते धुळीने लाल झालेत, धुतले की झालं."

"हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं," जावई पुटपुटला. "मी तो धडा ऑप्शनला टाकला होता."

सासूबाईंनी ठुमकीच्या गळ्यात हात टाकले. छातीवरचा दगड उतरला होता. जावयालाही इतकं हलकं वाटलं, की ट्रकवाल्याला भाडं आणि शर्ट दोन्ही देतो असं तो आपणहून म्हणाला. ठुमकी रुबाबात आपल्या जागी परतली.

सासूबाईंनी डोळे पुसले, पिळता येईल इतका ओला झालेला पदर पाहिला आणि त्या जावयाकडे वळल्या.

"जावईबापू, पुढच्या वेळी पट्टी घोडीला लावा, आणि इंजेक्शन मला द्या!"