जागल्याची गैरहजेरी

एका सकाळी दाढी करता करता निरीक्षकाने ठरवलं, की आपण मतदान करायचं. इतकंच. एवढ्याशा निर्णयाने घरातल्या एका माणसाचं पोट आणि दुसऱ्याची अब्रू धोक्यात येईल, असं त्याला कुणी सांगितलं असतं, तर त्याने सांगणाऱ्याकडे पुरावा मागितला असता. (तो मागतोच. सासूबाई "गुडघा दुखतोय" म्हणाल्या, तर हा विचारतो, "नक्की कुठे? बोट ठेवून दाखवा.")

निरीक्षक वजनमापे खात्यात होता. दुकानोदुकानी जायचं, पेटीतली आपली वजनं तराजूत टाकायची, बरोबर भरलं तर शिक्का मारायचा, नाही भरलं तर दंड. वर्षानुवर्षं हे काम केलं की माणसाला सगळं जगच किंचित कमी भरतंय असं वाटू लागतं. स्वस्थ बसणं त्याला माहीतच नव्हतं. खुर्चीवर बसण्याआधी तो ती डुगडुगते का ते बघायचा, आणि नाही डुगडुगली तर जरा निराश व्हायचा.

मतदान होतं 'साखळी'वर. साखळी म्हणजे लोकांनी लिहायचं, फोटो टाकायचे, एकमेकांना पसंती द्यायची, असं एक समाजमाध्यम. पण ब्लॉकचेनवर चालणारं. म्हणजे त्याला एक असा मालक नाही. सभासदांनी निवडलेले वीस प्रतिनिधी आपापल्या संगणकावर आळीपाळीने सगळ्यांच्या नोंदी लिहितात. त्याचा त्यांना मेहनताना मिळतो. एकदा लिहिलेलं कुणाच्या बापाला खोडता येत नाही, आणि कुणी कुणाला मत दिलं, कुणी काढून घेतलं, हे सगळ्यांना दिसतं. ज्याच्या लेखांना पसंती जास्त, त्याच्या मताचं वजन जास्त. ('मताचं वजन' हे शब्द वाचून निरीक्षकाला गहिवरून आलं होतं.) तो तिथे 'अचूक' या टोपणनावाने तराजूंवर लेख लिहायचा. वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे त्याच्या मताचं वजन पिसाएवढं होतं. पण पीस झालं तरी ते नीट तोलूनच टाकायचं, असा त्याचा बाणा.

संध्याकाळी चहा पिताना त्याने बायकोला सांगितलं.

"मग एक मत माझ्या भावाला द्या की," ती म्हणाली. "तोही आहे ना तिथे प्रतिनिधी."

"मुळीच नाही."

"का हो? त्याने काय घोडं मारलंय तुमचं?"

"माल कुणाचा आहे हे तराजूला कळता कामा नये. त्याचं तिथलं टोपणनाव मला सांगू नकोस. माझं त्याला सांगू नकोस. त्याचा संगणक कसला, कुठे ठेवलाय, यातलं काही म्हणजे काही माझ्या कानावर नको."

बायकोने सांगायला उघडलेलं तोंड मिटलं. "बरं," ती म्हणाली.

वाचकांना मात्र सांगायला हरकत नाही. मेहुण्याने मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली नोकरी सोडून हे काम धरलं होतं, आणि खूप खटपट करून नुकताच तो विसाव्या, म्हणजे शेवटच्या जागेवर पोचला होता. तो सासूबाईंकडे पत्र्याच्या खोलीत राहायचा. तिथे संगणक तापायचा. म्हणून त्याने तो ताईच्या घरी, अडगळीच्या गार खोलीत आणून ठेवला होता. नुसतं काळं खोकं. ना पडदा, ना कळफलक. निरीक्षकाच्या मते अशा वस्तूला संगणक म्हणत नाहीत. बॅटरीबिटरी काहीतरी असावं. "भावाचं सामान आहे, हात लावू नका," असं बायकोने बजावलं होतं.

त्याने कधीच हात लावला नाही. फक्त त्या खोलीत सॉकेट एकच होतं, इस्त्रीचं टेबलही तिथेच होतं, आणि गणवेशाला कडक इस्त्री केल्याशिवाय निरीक्षक उंबरा ओलांडत नसे. बायको नर्स, ती सकाळच्या पाळीला उजाडताच निघून जायची. मग हा खोक्याची पिन काढायचा, इस्त्रीची लावायचा, सदरा, पँट, हातरुमाल उरकायचा आणि खोक्याची पिन आठवणीने परत लावायचा. दुसऱ्याच्या वस्तूची काळजी घ्यावी तर अशी.

इकडे उमेदवारांची तपासणी सुरू झाली. निरीक्षक जेवताना फोनवर, जिना चढताना फोनवर, दुकानदार तराजू पुसत असेल तेवढ्यात फोनवर. एकेकाला तो प्रश्न पाठवायचा. "संगणकाचं टेबल डुगडुगतं का?" "तुम्ही आजारी पडलात तर लक्ष कोण ठेवणार?" "या कामात का आलात? खरं कारण लिहावे."

एकाने उलट विचारलं, "आपण कोण?"

"मतदार."

"एकटा मतदार इतके प्रश्न विचारतो?"

"बाकीचे विचारत नाहीत, त्यामुळे त्यांच्या वाटचेही मलाच विचारावे लागतात."

त्या उमेदवाराने याचे संदेश कायमचे बंद करून टाकले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकटा 'जागल्या' म्हणून होता, त्याने शांतपणे सगळं लिहून पाठवलं. "टेबल नाही. फरशीवर ठेवलाय, फरशी गार आहे. आजारी पडलो तर बहीण आहे. खरं कारण म्हणजे हे काम मला आवडतं, आणि आईला वाटतं मी काहीच करत नाही."

निरीक्षकाला उत्तर आवडलं. त्याने आपलं पहिलं मत जागल्याला दिलं आणि पाचच मिनिटांत तो बेचैन झाला. मत दिलं म्हणजे जबाबदारी संपली का? शिक्का मारलेला तराजू पुन्हा तपासायचा नाही का? म्हणून त्याने प्रतिनिधींच्या हजेरीचं पान उघडलं. तिथे कुणी पाळी चुकवली की लाल ठिपका येतो.

जागल्याच्या नावापुढे गोवर आल्यासारखे ठिपके होते. आणि सगळे सकाळचे.

"सकाळी कुठे असता?" निरीक्षकाने तडकाफडकी विचारलं.

"वीजपुरवठ्यात काहीतरी अडचण आहे. शोधतोय," जागल्याने कळवलं.

"वीज माझ्याही घरी आहे. एकदाही गेली नाही," अचूकने उत्तर दिलं, सर्वांना दिसेल असं.

रविवारी मेहुणा घरी आला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. बायको पाळीवर होती, तेव्हा चहा निरीक्षकानेच केला. (चमच्यातली साखर सुरीच्या पाठीने सपाट करून.)

"भावोजी, एक विचारू? तुमच्याकडे सकाळची वीज जाते का हो?"

"छे! माझी इस्त्री एक दिवस थांबली असेल तर शपथ."

"मग माझंच काहीतरी बिघडलंय." मेहुण्याने कपाळाला हात लावला. "आणि वरून एक माणूस हात धुऊन मागे लागलाय. नावं घ्यायची नाहीत असं तुमचं ठरलंय, म्हणून घेत नाही. पण चारचौघांत टोचून बोलतो."

"मीही एकाच्या मागे लागलोय," निरीक्षक उत्साहाने म्हणाला. "पक्का लबाड. कामाच्या वेळेला गुल!"

"असली माणसंच आमचं नाव खराब करतात."

"सोडू नये अशांना."

"मुळीच सोडू नका, भावोजी."

"आणि तूही त्या तुझ्या माणसाचं ऐकून घेऊ नकोस. चांगला ठणकावून सांग."

"आईने बजावलंय," मेहुणा कप खाली ठेवत हळूच म्हणाला. "महिनाअखेर वीसजणांत टिकलो नाही, तर गुपचूप परत दुकानात जायचं. म्हणते, मुलगा काय करतो असं लोकांनी विचारलं तर काय सांगू? जागा असतो?"

निरीक्षकाला त्याची फार दया आली. मेहुणा जिना उतरून खाली पोचतो न पोचतो, तोच निरीक्षकाच्या फोनवर जागल्याचा संदेश आला: "आधी स्वतःच्या घरात बघा!"

"काय हा उद्धटपणा!" निरीक्षक ओरडला आणि कामाला लागला.

त्याने ठिपक्यांचा तक्ता मांडला, आलेख काढला, आणि लेख टाकला. शीर्षक: 'जागल्या झोपतो'. त्यात तो लिहितो: "सदर गृहस्थ रोज सकाळी ठरलेल्या वेळी संगणक बंद करतो व काही वेळाने चालू करतो. सुट्टीच्या दिवशी मात्र एकही ठिपका नाही. यावरून तो चोरून दुसरी नोकरी करतो हे सिद्ध होते. वेळ इतकी काटेकोर आहे, की नोकरी बहुधा सरकारी असावी. स्वभावाने हेकट असणार. घरी त्याला विचारणारे कुणी नसावे."

लेख वणव्यासारखा पसरला. "काय निरीक्षण आहे!" "असा माणूस आमच्या कचेरीतही आहे!" लोक हळहळले, चिडले, आणि त्यांनी जागल्याची मतं भराभर काढून घेतली. निरीक्षकाने आपलं पीसही काढून घेतलं. दोन दिवसांत जागल्या यादीत खोल घसरला. निरीक्षकाला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण त्याला राहून राहून वाटत होतं, काहीतरी कमी भरतंय.

तिसऱ्या दिवशी बायकोने पाळी बदलून घेतली. मेहुणा हार मानून आपलं खोकं परत न्यायला सकाळीच येणार होता, आणि त्याला एकट्याने न्यायला लावायचं तिच्या जिवावर आलं होतं. ती चहाचे कप घेऊन अडगळीच्या खोलीच्या दारात आली, तर नवरा तापलेली इस्त्री सदऱ्यावरच ठेवून, वाकून सॉकेटपाशी काहीतरी करतोय.

"अहो, काय करताय?"

"इस्त्री."

"ती हातातली पिन कसली?"

"तुझ्या भावाच्या खोक्याची. काळजी नको, परत लावतो. रोज लावतो."

"रोज?"

"रविवार सोडून."

बायकोने कप इस्त्रीच्या टेबलावर ठेवले. तिच्या मागे मेहुणा उभा होता. तो पिनेकडे बघत होता, मग इस्त्रीकडे, मग भावोजींच्या उघड्या पोटाकडे आणि सदऱ्याकडे.

"भावोजी," तो अगदी सावकाश म्हणाला, "'वीज माझ्याही घरी आहे', हे तुम्ही लिहिलंत?"

निरीक्षकाच्या डोक्यात सगळे लाल ठिपके एकदम पेटले. काटेकोर वेळ. सरकारी नोकरी. हेकट स्वभाव. त्याच्या लेखात चूक अशी एकही नव्हती. माणूस तेवढा चुकला होता.

"जळतंय," तो पुटपुटला.

"जळणारच! त्या पोराच्या पोटावर पाय दिलात तुम्ही!" बायको कडाडली.

"तसं नव्हे. सदरा जळतोय."

सदऱ्याच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं. मेहुणा भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने पिन परत सॉकेटमध्ये लावली. तेवढंच. त्याने चार शिव्या दिल्या असत्या, तर निरीक्षकाला बरं वाटलं असतं.

लेख खोडता येत नव्हता. खाली दुसरा लिहिता येत होता. निरीक्षक तपासणीला गेलाच नाही. बनियनवर येरझाऱ्या घालत त्याने मसुदा केला. "काही तांत्रिक व कौटुंबिक परिस्थितीमुळे..."

"सरळ लिहा," बायको म्हणाली.

"अगं, हे कायमचं राहणार आहे. माझ्यामागेही राहील."

"त्याच्याबद्दल लिहिलंत, तेही कायमचंच आहे."

मग त्याने सरळ लिहिलं. जागल्या हा माझा मेहुणा आहे. हे मला माहीत नव्हतं, कारण माहीत होऊ नये अशी व्यवस्था मीच केली होती. तो झोपत नव्हता. त्याची पिन मी काढत होतो. इस्त्रीसाठी.

निरीक्षकाने आयुष्यभर तराजूंवर लिहिलं, तेव्हा ढिम्म न हललेली साखळी या चार ओळींवर तुटून पडली. लोक हसून हसून पसंती देत होते. त्या पसंतीने निरीक्षकाच्या पिसाएवढ्या मताचं वजन फुगून चांगलं धोंड्याएवढं झालं. जागल्याची गेलेली मतंही हळूहळू परत येऊ लागली. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा तो एकविसाव्या जागेवर होता. विसाव्यात आणि त्याच्यात केसाएवढं अंतर.

"आता एका मताचं काम आहे," मेहुणा म्हणाला. त्याने भावोजींकडे बघितलंही नाही. मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

निरीक्षक खुर्चीवरून उठला, बसला, पुन्हा उठला. "मला देता येत नाही रे," तो रडवेला होऊन म्हणाला. "आता मला कळलंय ना, तू माझा मेहुणा आहेस! नात्यात मत द्यायचं, तर बाकीच्या दुकानदारांना मी कुठल्या तोंडानं..."

"इथे दुकानदार कुठून आले?" सासूबाईंनी विचारलं. त्या निकाल बघायला म्हणून सकाळपासून येऊन बसल्या होत्या.

"तुमचं तत्त्व तुमच्यापाशी ठेवा," बायको म्हणाली. "फोन द्या इकडे. दुसऱ्याला आपल्या वतीने मत देऊ द्यायची सोय आहे ना यात? बाळ्या, कुठे दाबायचं रे?"

"इथे, ताई. पण आधी तुझं खातं उघडायला लागेल."

तिने खातं उघडलं. टोपणनाव विचारल्यावर तिने क्षणभरही विचार केला नाही. निरीक्षकाने डोळे मिटून बटण दाबलं, आणि त्याच्या मतांचा धोंडा तिच्या हातात गेला. तिने तो एका बोटाने जागल्याच्या पारड्यात टाकला.

"उमेदवाराचा अभ्यास तरी कर!" निरीक्षकाला राहवलं नाही.

"लहानपणी त्याचं शेंबडं नाक पुसलंय मी," ती म्हणाली. "अजून किती अभ्यास करू?"

जागल्या विसाव्या जागेवर गेला. सासूबाईंनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि आजपासून तो नक्की काय करतो म्हणून सांगायचं, ते त्याच्याकडून दोनदा घोकून घेतलं. मेहुणा बऱ्याच दिवसांनी हसला. निरीक्षकाचाही जीव भांड्यात पडला. शेवटी तत्त्वही शाबूत राहिलं होतं आणि मेहुणाही.

तेवढ्यात फोन वाजला. मग पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला. मताधिकार सोपवला की त्याचीही नोंद होते, आणि तीही सगळ्यांना दिसते, हे गडबडीत तो विसरला होता. साखळीवर ठळक अक्षरांत, कायमचं, लिहिलेलं होतं:

'अचूक' यांनी आपले सर्व अधिकार 'बायको' यांच्याकडे सोपवले आहेत.

या नोंदीला मिळालेली पसंती मोजता मोजता निरीक्षक शेवटच्या अभिप्रायापाशी आला. तो त्याच्या खात्यातल्या मोठ्या साहेबांचा होता. (साहेबही साखळीवर आहेत आणि 'अचूक' कोण ते त्यांनी ओळखलंय, हे त्याला आजच कळत होतं.) साहेबांनी लिहिलं होतं, "निर्णय योग्य. सोमवारपासून तपासणीलाही वहिनींनाच पाठवावे."