वाघाच्या पाठीवर निळा ठिपका

आबासाहेबांच्या मते सोलापूर जिल्ह्यात तल्लख मेंदू दोनच होते, आणि त्यातल्या दुसऱ्याचा पत्ता त्यांना अजून लागला नव्हता. "माणूस जिना चढत असतानाच मी सांगतो, तो काय जेवून आलाय," असं ते म्हणत. ते खरंही होतं. त्या जिन्यात लसणाचा वास सगळ्यांनाच येत असे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटच्या दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी लावली. तपासाला जाताना विचारात खंड पडू नये म्हणून ते स्कूटीवर मागे बसत. स्कूटी चालवणं, पत्ता विचारणं आणि त्यांचं भिंग सांभाळणं ही कामं सहाय्यकाची. सहाय्यक म्हणजे त्यांच्या पत्नी, वैजयंतीबाई.

एका रविवारी शेजारच्या इमारतीतला बिरुदेव आला.

"काका, आईसाठी पुस्तक निवडायचंय. रंगवायचं. मोठ्या माणसांसाठी प्राण्यांची नक्षीदार चित्रं असतात ना, तसलं."

त्याच्या आईचं, गोजाबाईंचं, उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पण बोटं आखडली होती. रोज रंगवा, बोटं मोकळी झाली की गावी जा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. इकडे माळशिरसकडच्या त्यांच्या मेंढरांची कातरणी तोंडावर आलेली. आणि गोजाबाईंनी उभ्या जन्मात कातरणी चुकवली नव्हती.

"तीन पुस्तकं आणली," बिरुदेव म्हणाला. "जंगलाचं, समुद्राचं, पक्ष्यांचं. आई प्रत्येक प्राण्यावर एक ठिपका देते आणि म्हणते, झालं. तिला कुठले प्राणी आवडतात तेवढं शोधा. बोटं अशीच राहिली तर डॉक्टर काही सोडत नाहीत."

"चला," आबासाहेब म्हणाले, आणि शेजारच्या इमारतीत स्कूटीवरून गेले.

गोजाबाई खाटेवर बसल्या होत्या. आबासाहेबांनी पुस्तकं उघडली. वाघाच्या पाठीवर, मागच्या बाजूला, निळ्या स्केचपेनचा ठिपका. हत्तीच्या, देवमाशाच्या आणि घुबडाच्याही.

"हा नकाशा आहे. ठिपके जोडा," आबासाहेब म्हणाले.

वैजयंतीबाईंनी जोडले. रेघ वाघावरून निघून हत्तीवर थांबली.

"म्हणजे नकाशा नाही, हे सिद्ध झालं. निळा म्हणजे आकाश. यांना पक्षी हवेत!"

"पक्ष्यांचंच पुस्तक आहे तुमच्या हातात," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"मग हे बाहेरच्या माणसाचं काम. बिरुदेव, घरात कोण येतं?"

"दूधवाला."

"त्याच्या पेनाची शाई कुठली?"

"काका, तो दूध आणतो."

"हुशार आहे," असं म्हणून आबासाहेब शाईचे थेंब शोधायला भिंग घेऊन खाटेखाली शिरले.

तेवढ्यात वैजयंतीबाई गोजाबाईंच्या शेजारी टेकल्या. "मावशी, हा ठिपका कशाचा हो?"

"खुणंचा की," गोजाबाई म्हणाल्या. "मेंढरं दुसऱ्याच्या कळपात घुसली तर वळखायची कशी? आमची खूण निळी, भावकीची तांबडी."

"आणि बाकीचं अंग रंगवायचं नाही?"

"आख्खं जनावर रंगवतंय व्हय कुनी? लोकर नासंल की!"

"अगं, वाघाला कुठं लोकर असते?" बिरुदेव म्हणाला.

"मला दिसतंय की रं. पर हाताला वळण पडलंय, त्येला काय करू? एकदा खूण केली, काम झालं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"इचारलं कुनी?"

"माझा चौथा निष्कर्ष नेमका हाच होता," खाटेखालून आवाज आला.

संध्याकाळी शुक्रवार पेठेतल्या दुकानात आबासाहेब प्रत्येक पुस्तकाचा वास घेत होते. तोवर वैजयंतीबाईंनी एक निवडलं. त्यात प्रत्येक पानावर हरणं, ससे, बदकं, मासे अशी खच्चून गर्दी होती.

पुस्तक चाळताना गोजाबाईंचे डोळे चमकले. "लई मोठा कळप हाय गं बाई! ह्येला दिस जायाचं." आणि त्या कामाला लागल्या. जनावर सुटता कामा नये, ही लहानपणापासूनची शिस्त. पहिल्या पानावरचे ठिपके थरथरले, लांबले, बाहेर सांडले. पुढे ते गोल होत गेले.

पुस्तक संपलं तेव्हा डॉक्टरांनी आपला हात गोजाबाईंच्या हातात देऊन दाबायला सांगितलं, आणि "सोडा आता, दुखतंय," असं डॉक्टरच म्हणाले.

गावी निघताना गोजाबाई निरोप घ्यायला आबासाहेबांकडे आल्या. आबासाहेब वाकून पाया पडले. गोजाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, जरा जास्तच वेळ.

"आपली एक केस यशस्वी झाली," दार लावून आबासाहेब म्हणाले आणि वळले.

त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, मागच्या बाजूला, निळा ठिपका होता. गोल, ठसठशीत, काठाबाहेर जराही न सांडलेला.

"काय बघतेस? काही पुरावा राहिला का?"

"काही नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या. "तपासाला जाताना हाच सदरा घालत जा. कुठं चुकलात तर परत आणून तरी देतील."