त्रिकोण कुणाचे?

उस्मानपुऱ्यातल्या शंतनूनं आईबाबांच्या साखरेचा आलेख काढला आणि घराच्या तोंडचं पाणी पळालं. रोज सकाळी अर्धवट झोपेत तो दोघांच्या बोटाला सुई टोचायचा आणि आकडे लॅपटॉपात टाकायचा. मग एके दिवशी त्यानं आकड्यांचा आलेख काढून देणाऱ्या तयार कोडला, म्हणजे प्लॉटिंग लायब्ररीला, दोन खुणा सांगितल्या, गोल आणि त्रिकोण. गोल खाली गुण्यागोविंदानं बसले होते. त्रिकोण पार छताला टेकलेले. बाजूच्या सूचीत लिहिलं होतं, गोल बाबा, त्रिकोण आई.

"म्हणजे माझं काही खरं नाही," म्हणत यमुनाबाई मटकन खाली बसल्या.

त्या दिवसापासून त्यांच्या ताटात कारलं आलं, इमरती बंद झाली. पायाला मुंग्या आल्या तरी पाय गेलाच असं त्यांना वाटे. "मृण्मयी, लोणच्याचा मसाला शिकून घे गं. नंतर कोण सांगणार?" त्या सुनेला म्हणत.

सदाशिवराव तर पुरते भेदरले होते. "असं अभद्र बोलू नको. मी एकटा काय करू इथं?" असं म्हणत ते बायकोच्या वाटची इमरती उचलत. जिवाला घोर लागला की त्यांना भूक लागायची, आणि अन्न टाकून देणं त्यांना पटत नसे.

डॉक्टरांकडं जायच्या आदल्या संध्याकाळी मृण्मयीनं आलेख निरखून पाहिला. "शंतनू, आई वेरूळला मावशींकडं गेल्या होत्या ना? मग त्या दिवसांत त्यांचे त्रिकोण कसे? आणि गोल कुठं गेले?"

शंतनूनं लॅपटॉप पुढं ओढला. त्यानं कोड उघडला. लायब्ररीनं खुणा नोंदींच्या क्रमानं वाटल्या होत्या. आई आधी उठते, म्हणून पहिली नोंद तिची आणि गोलही तिचा. सूचीतली नावं मात्र त्यानं हातानं टाकली होती. दारावरच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत या घरात बाबांचं नाव आधी. बोटांनी तेच केलं.

"आई, तू ठणठणीत आहेस," तो चाचरत म्हणाला. "त्रिकोण बाबांचे आहेत."

सदाशिवरावांचा हात इमरतीच्या खोक्यावर तसाच राहिला. "परत बघ बरं. खामखा भीती घालतोस." त्यांनी हात मागं घेतला. "इतके दिवस मी दोघांचं खाल्लं रे."

यमुनाबाईंचे डोळे भरून आले. घरातली भीती गेली कुठं होती, नुसती शेजारच्या पाटावर जाऊन बसली होती. त्यांनी कारल्याची वाटी नवऱ्यापुढं सरकवली आणि खोकं आपल्याकडं ओढलं.

"घाबरू नका, उद्या मी येते सोबत," त्या म्हणाल्या आणि एक इमरती उचलली. "तुम्हीच म्हणता ना, अन्न टाकून द्यायचं नाही."